ऑटोमॅटिक फोर व्हील गाडी बर्फात चालवणे : विदर्भातून जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कापूस विकून झाला, आंबिया बहाराच्या संत्र्याचा पैसा हातात आला की डिसेंबरात एकसारखे मेसेज सुरू होतात. भाऊ नवी गाडी घेतली, ऑटोमॅटिक आहे, फोर व्हील आहे, मनालीला जाऊन रायलो, काही टेन्शन नाही ना? टेन्शन आहे, म्हणून हे लिहून ठेवतो. मी वणीकडचा, थंडीत लोकांना गाडीनं हिमाचल-काश्मीर फिरवून आणणं हा माझा धंदा. आपल्या भागातला माणूस ४७ अंशाच्या उन्हात गाडी चालवते, पण गोठलेला रोड त्यानं कधी पाहिलेला नसते, आन पांढरकवड्यावरून जाणारा एनएच ४४ थेट श्रीनगरपर्यंत जाते म्हणून पोट्टे सरळ निघतात. निघा, पण हे वाचून निघा.

प्रश्न : फोर व्हील आहे म्हणजे गाडी बर्फात घसरणारच नाही, बरोबर ना?

नाही. जास्तीत जास्त गैरसमज इथंच आहे म्हणून हे सगळ्यात आधी घेतलं.

फोर व्हील म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना जाते. त्याचा फायदा जागेवरून निघताना आन चढावर होते. थांबताना काहीच होत नाही, कारण ब्रेक तं साध्या अल्टोलाही चारही चाकांना असतात. वळताना पण गाडी टायरच्या पकडीवरच वळते, बर्फाला तुमच्या गाडीवर मागं कोणता बिल्ला लावला आहे ते कळत नाही.

हिशोब सांगतो. ताशी ४० च्या स्पीडवर कोरड्या डांबरावर जोरात ब्रेक मारला तं गाडी साधारण ९-१० मीटरमध्ये उभी राहते. दाबून बसलेल्या बर्फावर तेच अंतर ३० मीटरच्या आसपास जाते. आन नितळ काचेसारख्या गोठलेल्या थरावर ६० मीटरच्या वर. तुमचा पाय ब्रेकवर जायला लागणारा वेळ यात धरलाच नाही. स्पीड निम्मा केला की हे अंतर पाव होते, म्हणजे २० वर असाल तं त्याच नितळ बर्फावर १६ मीटरच्या आसपास. म्हणून स्पीड कमी ठेवणे यासारखा दुसरा इलाज नाही.

फोर व्हीलचा एक धोका असाही आहे का गाडी इतकी सहज निघते, इतकी आरामात चढते की रोड किती निसरडा आहे हे ड्रायव्हरला समजतच नाही. टू व्हील ड्राइव्हवाल्याची गाडी पहिल्याच चढावर फिरक्या मारते, तो तिथंच सावध होते. फोर व्हीलवाल्याला मात्र पहिला ब्रेक मारल्यावर समजते, आन तोवर तो ५० वर असते.

प्रश्न : आमच्या गाडीत स्नो मोड आहे, म्हणजे ती फोर व्हील झाली ना?

असं काही नाही भाऊ. क्रेटा, सेल्टॉसमध्ये स्नो, मड, सँड लिहिलेलं बटन येते, डिझेल हॅरियर-सफारीतही टेरेन मोड आहेत, पण त्या गाड्या फक्त पुढच्या चाकांवर चालतात. तो मोड ॲक्सिलरेटर नरम करते, ट्रॅक्शन कंट्रोलला (चाक घसरून फिरू लागलं की ताकद कापणारी सोय) जरा वेगळं वागायला लावते, एवढंच. उपयोगाचं आहे, पण ती फोर व्हील नाही.

खऱ्या फोर व्हीलमध्येही दोन जाती आहेत आन हे माहीत नसन तं गाडीचं नुकसान होते. थार, जिम्नी, फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ एन या गाड्यांत तुम्ही स्वतः टू हाय (दोन चाकं), फोर हाय (चारही चाकं), फोर लो (चारही चाकं, हळू पण जास्त जोर) असं निवडता. यांच्यात पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या मधात डिफरन्शिअल (वळताना पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या स्पीडनं फिरू देणारा भाग) नसते, म्हणून कोरड्या डांबरावर फोर हायमध्ये चालवायची नाही, वळणावर सगळा ताण गिअरबॉक्सवर, शाफ्टवर येते. बर्फ आला की फोर हाय, डांबर कोरडं लागलं की वापस टू हाय. दुसरी जात म्हणजे ऑल व्हील ड्राइव्ह, जशी जीप कंपास, एक्सयूव्ही ७०० ची एडब्ल्यूडी, ग्रँड विटाराची ऑलग्रिप. या गाड्या चालतात मुख्यतः पुढच्या चाकांवर, पुढचं घसरलं की मधातला क्लच मागच्या चाकांना ताकद देते, सगळं आपोआप. यांना रोडवर कोणतंही नुकसान नाही, पण फसल्यावर दहा मिनिटं सतत चाकं फिरवत बसलात तं तो क्लच गरम होऊन मागचा ड्राइव्ह बंद पडते आन डॅशबोर्डवर मेसेज येते. तसं झालं तं गाडी उभी करा, थंड होऊ द्या, नंतर पाहा.

प्रश्न : आम्ही काळ्या मातीच्या चिखलातून गाड्या काढणारे लोकं, आम्हाले बर्फाचं काय एवढं?

हा प्रश्न मले फार आवडते कारण यातलं अर्धं खरं आहे. पावसाळ्यात पांदण रस्त्यानं ज्यानं गाडी चालवली त्याला स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते म्हणजे काय ते ठाऊक असते. हलक्या हातानं चालवणं, पुढच्या गाडीच्या चाकोरीत चाक ठेवणं, मधात न थांबणं, हे सगळं तिथं कामी येते. पुण्या-मुंबईचा ड्रायव्हर यात तुमच्या मागंच राहीन.

पण दोन सवयी इथंच सोडून जा. चिखलात आपण रेस देतो, चाक जोरात फिरलं की टायरच्या खाचांतला गारा उडते आन टायर पुन्हा पकडते. बर्फावर हेच केलं तं फिरणारं चाक खालचा बर्फ घासून पॉलिश करते, थोडा वितळवते, त्या वितळलेल्या पाण्याच्या पातळ थरावर चाक आणखीन फिरते आन दोन मिनिटांत चाकाखाली आरसा तयार होते. म्हणजे चिखलात रेस द्यायची, बर्फात रेस सोडायची. दुसरी सवय भरधाव घुसायची. चिखलात गाडी थांबते कारण माती चाकाला धरते, भरधाव घुसून फसलात तं फसलात, ट्रॅक्टर आणला की झालं. बर्फात धरणारं कोणी नाही, गाडी थांबत नाही, आन तिथं बाजूला कपाशीचं वावर नसते, दरी असते.

प्रश्न : कंपनीचेच टायर आहेत, नवेच आहेत, चालतीन ना?

पैसे कुठं खर्च करायचे असतीन तं इथं करा, बाकी लाइट-बंपर राहू द्या. आपल्याकडच्या गाड्यांना येणारे टायर गरम रोडसाठी असतात. तापमान साधारण ७ अंशाच्या खाली गेलं की त्यांचं रबर कडक व्हायला लागते, शून्याच्या खाली तं पुरं कडक, पकड राहत नाही. विंटर टायरचं रबर थंडीतही नरम राहते आन त्याच्या गट्ट्यांवर बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात.

टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आन त्यात बर्फाचा फूल असा शिक्का पाहा. तो टायर बर्फावर टेस्ट होऊन पास झालेला असते. नुसतं एम प्लस एस लिहिलेलं असन तं तेवढ्यावर भरोसा ठेवू नका, ते खाचांच्या डिझाइनवरून लिहितात, त्याला टेस्ट लागत नाही. नुसते ऑल टेरेन टायर चिखल-मुरमाले मस्त, पण बर्फासाठी तो शिक्का असलेलेच घ्या.

विंटर टायर लावलेली साधी पुढच्या चाकांवर चालणारी गाडी, गुळगुळीत टायरच्या फोर व्हीलपेक्षा ब्रेकला आन वळणाला चांगली राहते, हे लिहून ठेवा. आता एका ट्रिपसाठी कोणी विंटर टायर घेत नाही हे मलेही समजते, मग निदान टायर घासलेले नको. कायद्यानं १.६ मिलिमीटर खाच चालते पण बर्फासाठी ४ मिलिमीटरच्या खाली असन तं जाऊ नका. आन फोर व्हील गाडीले दोन नवे दोन जुने असं करायचं नाही, चारही सारखे पाहिजेत, नाही तं चाकांच्या घेराच्या फरकानं मधातल्या क्लचले विनाकारण काम लागते.

प्रश्न : मग टायरवर गुंडाळायची बर्फाची चेन घेतो. फोर व्हीलले चेन लागते का? कोणत्या चाकाले लावायची?

लागते. गुलमर्गला बर्फ पडला की टंगमर्गच्या वर चेन नसलेल्या गाड्या थांबवतात. कोणत्या ॲक्सलवर लावायची हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असते, तेच खरं, कारण काही गाड्यांत चाक आन सस्पेन्शनच्या मधात जागाच नसते, चेन आत घासून ब्रेकचा पाइप तोडू शकते. पुढच्या चाकांवर मुख्य जोर असलेल्या ऑल व्हील ड्राइव्हले एकच जोडी असन तं बहुतेक पुढं लावायची असते. फक्त पुढं लावली की उतरताना पुढचं थांबते आन मागचा भाग फिरून समोर यायले पाहते, म्हणून जमलं तं चारही चाकांले लावा.

घरीच अंगणात दोन-तीनदा लावून-काढून पाहा. तिथं बोटं बधिर झालेली असतात, मागं गाड्या हॉर्न वाजवत असतात, तिथं पहिल्यांदा खोका उघडाल तं अर्धा तास जाईन. फसल्यावर नाही, चढ सुरू व्हायच्या आधी सपाट जागेत लावा, शंभर-दोनशे मीटर चालवून पुन्हा एकदा कसा, ३०-४० च्या वर पळवू नका. डांबर उघडं लागलं की लगेच काढा, नाही तं चेनही तुटते आन टायरही कापते.

प्रश्न : ऑटोमॅटिकमध्ये क्लच नाही, मग बर्फात कंट्रोल कसा करायचा? डी मध्येच ठेवायची का?

सपाट रोडवर डी (पुढं जायची लिव्हरची जागा) आन स्नो मोड, बस. स्नो मोडमध्ये बऱ्याच गाड्या दुसऱ्या गिअरमध्ये उठतात, त्यामुळं चाकावर झटका येत नाही. तो मोड नसन तं मॅन्युअलमध्ये टाकून दुसरा गिअर धरून निघा, गाडी घेत असन तं. ब्रेक हळूच सोडा, गाडी ॲक्सिलरेटर न देता स्वतःच सरकायले लागते, त्या सरकण्यावरच पहिले काही फूट जाऊ द्या.

चढावर डी ची अडचण अशी का गाडी आपल्या मनानं गिअर बदलते, आन बर्फावर मधातच खाली गिअर पडला की चाकाले झटका लागून ते फिरते. म्हणून लांब चढाच्या आधीच मॅन्युअलमध्ये गिअर पकडा, एकसारखा पाय ठेवा, मधात थांबायचं काम नाही. समोरची गाडी पूर्ण वर पोचली, मगच तुम्ही सुरू करा. घाटात चढणाऱ्या गाडीले आधी जाऊ द्यायचं हा आपल्या देशात नियमच आहे, बर्फात तो मनापासून पाळा, कारण थांबलेली गाडी पुन्हा उठत नाही.

क्रूझ कंट्रोल (स्पीड आपोआप धरून ठेवणारी सोय) बंद. पाय एकच, उजवा. काही जण ऑटोमॅटिकमध्ये डाव्या पायानं ब्रेक मारतात, त्या पायाले हलका ब्रेक माहीतच नसते, तो क्लच दाबल्यासारखा दाबते.

प्रश्न : उतारावर भीती वाटते, काय करावं?

वाटलीच पाहिजे, बर्फातला खरा कठीण भाग उतारच आहे. चढावर जास्तीत जास्त गाडी फसते, उतारावर फसत नाही, निघून जाते.

उतार सुरू व्हायच्या आधी, वरच, गाडी जवळपास थांबवून मॅन्युअलमध्ये पहिला नाही तं दुसरा गिअर टाका. थार-जिम्नीवाल्यांनी खडा उतार असन तं फोर लो. अर्ध्या उतारावर स्पीड असताना एकदम खालचा गिअर पाडायचा नाही, इंजिनचा ब्रेक अचानक लागून चाकं घसरतात, पॅडल शिफ्ट (स्टिअरिंगमागची गिअर बदलायची बटनं) आहे म्हणून पोट्टे हेच करतात. चालणाऱ्या माणसाच्या स्पीडनं उतरा. ब्रेक सरळ रोडवर, वळणाच्या आधी, हलका. वळणात पाय दोन्हीकडून काढून घ्या, पुढच्या गाडीशी अंतर नेहमीच्या चार-पाच पट.

हिल डिसेंट कंट्रोल (उतारावर गाडी आपोआप हळू ठेवणारं बटन) असन तं चालू करा, चांगली सोय आहे, ते एकेका चाकाले वेगळा ब्रेक देते. पण ते पण ब्रेकच आहे, टायरले पकडच नसन तं तेही काही करत नाही.

ब्रेक दाबला आन पायाखाली थडथड झाली, कर्र कर्र आवाज आला, तं घाबरून पाय काढू नका, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय) काम करून रायलं आहे. दाबून ठेवा आन स्टिअरिंगनं गाडी जिकडं न्यायची तिकडं न्या, एबीएस असतेच त्यासाठी. तरीही गाडी सरकतच चालली तं क्षणभर ब्रेक ढिला करा, चाक फिरलं की स्टिअरिंगले पुन्हा जीव येते. आन काहीच ऐकत नसन तं गाडी डोंगराच्या बाजूले घाला, नालीत जाऊ द्या, बर्फाच्या ढिगात घाला. बंपर फुटन. दरीच्या बाजूले जागा दिसते म्हणून तिकडं कधीच नाही.

प्रश्न : वळणावर गाडी घसरलीच तं?

पुढचा भाग घसरला, म्हणजे स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळ चालली, तं ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग आणखी फिरवू नका, उलट थोडं सरळ करा आन टायरनं पकड घेईपर्यंत थांबा. लय कठीण वाटते कारण मन म्हणते अजून फिरव. मागचा भाग बाहेर गेला तं नजर रोडच्या पुढं जिकडं जायचं आहे तिकडं, स्टिअरिंगही तिकडंच, ब्रेकवर उडी नाही. ईएससी (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी सोय) चालू ठेवलं असन तं अर्धं काम तेच करते, म्हणून रोडवर ते बटन बंद करायचं नाही.

प्रश्न : बर्फ दिसतच नाही पण गाडी घसरते, असं होते का?

होते, आन मले सगळ्यात जास्त भ्या याचंच. इकडं याले ब्लॅक आइस म्हणतात, पातळ पारदर्शक थर असते, खालचं डांबर दिसते म्हणून रोड नुसता ओला वाटते. दुपारच्या उन्हात डोंगरावरचं बर्फ वितळून पाणी रोडवर येते, ऊन गेलं की चार-साडेचारपासून गोठायले लागते. सकाळी नऊ-दहापर्यंत तसंच. पुलावर आधी जमते कारण खालून-वरून दोन्हीकडून थंड हवा लागते. नाल्याचं पाणी जिथून रोड ओलांडते तिथं, बोगद्याच्या तोंडाशी, देवदाराच्या सावलीत.

ओळखायचं कसं? तापमान ३ अंशाच्या खाली दाखवत असन आन रोड ओला चमकत असन, पण पुढच्या गाडीच्या चाकाचं पाणी उडत नसन, तं तो बर्फ आहे. अशा जागी काहीच करायचं नाही, ब्रेक नाही, रेस नाही, स्टिअरिंग सरळ, पार होऊ द्या. आन शून्याच्या जवळपासचा ओलसर बर्फ उणे १५ च्या कोरड्या बर्फापेक्षा जास्त निसरडा असते, म्हणून ऊन पडलं आता सोपं झालं असं समजू नका.

सकाळी दहा ते दुपारी तीन एवढ्यातच गाडी चालवा, माझा स्वतःचा नियम हाच आहे.

प्रश्न : गाडी बर्फात फसली तं काय करायचं?

रेस बंद, खाली उतरा. चाकासमोरचा, पोटाखालचा बर्फ फावड्यानं काढा, चाकं सरळ करा, चाकाखाली रेती, राख नाही तं गाडीतल्या मॅटा टाका आन हळूच काढा. मॅटा टाकल्या तं मागं कोणी उभं राहू नका, त्या गोळीसारख्या उडतात. फक्त या वेळी ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून पाहा, कारण ते चाक फिरू लागलं की ताकद कापते आन गाडी जागची हलत नाही. डी-आर, डी-आर (पुढं-मागं) करून झुलवता येते, पण प्रत्येक वेळी गाडी पूर्ण थांबल्यावरच लिव्हर बदला आन चार-पाच वेळाच करा, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल यातच तापते.

आता जिवाचं. बर्फ पडून रायला आहे, रोड जाम आहे, तुम्ही गाडीत हीटर लावून बसले आहात, अशा वेळी मागचा सायलेन्सर बर्फानं बुजला तं धूर गाडीत येते. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडले वास नसते, रंग नसते, माणूस झोपेतच जाते. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या गावाजवळ बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये २० च्या वर माणसं गेली, त्यातले कित्येक असेच. दर थोड्या वेळानं उतरून सायलेन्सर मोकळा करा, इंजिन तासाले दहा मिनिटं चालवा, बाकी वेळ बंद, एक काच बोटभर उघडी. सगळे एकदम झोपू नका, एक जण जागा पाहिजे. घरच्यांना, पोराबाळांना घेऊन जाणाऱ्यांनी हा उतारा दोनदा वाचा.

प्रश्न : निघायच्या आधी गाडीत काय पाहायचं?

सगळ्यात आधी रेडिएटर. आपल्या इकडं उन्हाळ्यात गाडी तापली की बोरचं पाणी टाकून देतो, वर्षभर तेच फिरत राहते. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगते, त्यानं रेडिएटर फुटते, इंजिनचा ब्लॉक पण तडकू शकते. पूर्ण काढून अर्धं कूलंट अर्धं डिस्टिल्ड पाणी भरा, हे उणे ३५ च्या आसपासपर्यंत गोठत नाही. काच धुवायच्या टाकीतही साधं पाणी ठेवू नका, थंडीचा वॉशर फ्लुइड टाका.

डिझेलवाल्यांनी टाकी नागपूरले फुल करून थेट वर जाऊ नये. आपल्याकडच्या डिझेलमधलं मेण कडाक्याच्या थंडीत जमते, फिल्टर बुजते आन सकाळी गाडी सुरू होत नाही. रिकामी होत जाऊ द्या, डोंगराखालच्या पंपावर, वरच्या गावात भरत जा. लडाखसाठी इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे ३३ अंशापर्यंत चालणारं विंटर डिझेल काढलं आहे. ज्या डिझेल गाडीत डीईएफ (धूर साफ करायचं युरियाचं पाणी, वेगळ्या टाकीत भरतात) लागते ते उणे ११ ला गोठते, त्याले कंपनीचा हीटर असते, फक्त त्यात पाणी मिसळू नका.

बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असन तं टेस्ट करून घ्या. गोठणाऱ्या थंडीत तिची ताकद बरीच कमी होते आन इंजिनचं तेल घट्ट झाल्यामुळं स्टार्टरले जास्त ताकद लागते. ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू होत नाही, म्हणून जंपर केबल सोबत पाहिजेच.

प्रश्न : टायरमध्ये हवा कमी करायची का?

नाही. कंपनीनं सांगितली तेवढीच, पण ती तिथं पोचून सकाळी थंड टायरवर पाहायची. दर ५-६ अंश तापमान उतरलं की साधारण १ पीएसआय कमी होते. दुसरीकडं उंचीवर बाहेरची हवा विरळ असल्यानं गेजवर प्रेशर वाढलेलं दिसते, ३,००० मीटरवर चारेक पीएसआयनं. दोन्हीची बेरीज-वजाबाकी डोक्यात करत बसू नका, छोटा पंप आन गेज सोबत ठेवा.

प्रश्न : रात्री गाडी कशी उभी करायची?

पी मध्ये टाका, चाकांले दोन्हीकडून दगडाची उटी लावा, आन सपाट जागा असन तं हँडब्रेक ओढू नका, ओला असन तं रात्रीतून गोठून चिकटते. उतारावर उभीच करू नका. वायपर वर उचलून ठेवा. सकाळी काचेवर गरम पाणी टाकायचं नाही, तडकते, हीटर लावून दहा मिनिटं थांबा, तोवर टपावरचा बर्फ झाडून घ्या, नाही तं पहिल्याच ब्रेकले तो पूर्ण समोरच्या काचेवर येते.

प्रश्न : मनालीच्या पुढं पोलिस अडवतात म्हणे?

अडवतात आन बरोबर करतात. बर्फ पडला की सोलंग, अटल टनेलच्या बाजूले बऱ्याच वेळा फक्त फोर बाय फोर सोडतात, जास्त असन तं कोणालेच नाही. अटल टनेल ९.०२ किलोमीटरचा आहे, ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला, त्याच्यामुळं लाहौलमध्ये थंडीतही जाता येते, पण टनेलच्या आत बर्फ नसते, दोन्ही तोंडांशी असते. लोकं आतून कोरड्या रोडवर येतात आन पलीकडं लाहौलमधल्या सिस्सूच्या बाजूले निघताच ब्रेक मारतात. २०२४ च्या डिसेंबरात नाताळच्या तोंडावर सोलंग ते टनेलच्या मधात हजाराच्या आसपास गाड्या अडकल्या, पोलिसांनी रात्री लोकं काढली. तुमच्याजवळ फोर व्हील असली तरी समोरचे अडकले की तुम्ही पण अडकलेच. बर्फाचा अलर्ट असन त्या दिवशी हॉटेलात राहा, नाही तं तिथल्या टॅक्सीनं जा, ते ड्रायव्हर लहानपणापासून तेच करून रायले आहेत, त्यात काही कमीपणा नाही.

आन एक, जाताना हरियाणा-पंजाबात डिसेंबर-जानेवारीचं धुकं लागते. रात्री चालवून वेळ वाचवायचा प्लान करू नका, तिथं फोर व्हीलचा काहीच उपयोग नाही.

प्रश्न : सोबत काय काय ठेवायचं?

फावडं, दोरखंड नव्हे तं चांगला टो पट्टा, गाडीचा टो हूक कुठं लागते ते पाहून, टॉर्च, हातमोजे, माणशी एक घोंगडी नाही तं ब्लँकेट, पाणी, शेंगदाणे-गूळ, तिळाचे लाडू, दशम्या. राखेची एक पिशवी. फोन चार्ज, ११२ लक्षात. लाहौलमध्ये बऱ्याच जागी रेंज नसते, म्हणून निघताना हॉटेलवाल्याले सांगून ठेवा कोणत्या रोडनं जाऊन रायलो.

प्रश्न : माझा मुलगा कॅनडात आहे, त्यानं ऑल व्हील ड्राइव्ह ऑटोमॅटिक घेतली. त्याले काय सांगू?

ताई, त्याले विंटर टायर लावायले सांगा, ऑल सीझनवर भागवू नको म्हणा. क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानंच लागतात, ब्रिटिश कोलंबियात बऱ्याच हायवेवर १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल. तिकडं रोडवर मीठ टाकतात, त्यानं गाडीचं पोट गंजते, म्हणून खालून धुवायची. बाकी वर लिहिलेलं सगळं त्यालेही लागू आहे.

प्रश्न : विदर्भात सराव कुठं करता येईन?

बर्फाचा नाही, पण हाताचा-पायाचा करता येते. परतवाड्याहून चिखलदऱ्याले जा आन उतरताना पूर्ण घाट मॅन्युअल मोडमध्ये, ब्रेकले कमीत कमी हात लावून उतरा. आपल्या गाडीत कोणत्या स्पीडले कोणता गिअर किती अडवते ते पायात बसते. डॅशबोर्डवर पाण्याचा भरलेला ग्लास आहे असं समजून ब्रेक मारायची सवय करा, महिनाभर. वर पोचल्यावर पहिल्या दिवशी रिकामी सपाट जागा शोधा, १५-२० च्या स्पीडवर ब्रेक मारून पाहा, गाडी किती सरकते ते डोळ्यानं दिसू द्या, एबीएसची थडथड पायाले कळू द्या. घरच्यांना त्या वेळी खाली उतरवून ठेवा.

प्रश्न : वापस आल्यावर काही करायचं राहते का?

गाडी खालून धुवून घ्या, चेन धुवून सुकवून तेलाचा हात मारून ठेवा नाही तं पुढच्या वर्षी गंजलेली निघते. हवा पुन्हा तपासा. चाकांच्या आतल्या बाजूले रबरी बूट फाटलेले तं नाही ना ते गॅरेजवाल्याले पाहायले सांगा. खूप फसवा-फसवी झाली असन तं गिअरबॉक्सचं तेल दाखवा, जळका वास येत असन तं बदलून टाका. कूलंट मात्र काढू नका, उन्हाळ्यातही तेच चांगलं.